वालीवधातील रामाच्या उत्तराविषयी मदत हवी आहे

फोंड्यातील आमच्या वाचनमंडळात ईश्वराच्या नैतिकतेवर चर्चा चालू आहे. मंडळात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही सभासद आहेत. गेल्या वेळी अब्राहामाला पुत्रबळी मागणाऱ्या देवाविषयी आमच्या ख्रिस्ती मित्रांनी कोणताही कठीण प्रश्न टाळला नाही, म्हणून वालीवधाची बाजू मांडतानाही तसाच प्रामाणिकपणा राखावा असे मला मनापासून वाटते.

वाल्मीकि रामायणाच्या किष्किंधाकांडातील सर्ग १७ आणि १८ मी मराठी भाषांतरासह वाचले आहेत. दुसऱ्याशी लढत असलेल्या आपल्याला लपून का मारले, हा वालीचा आरोप मला फार सबळ वाटतो. त्यावर राम सांगतो की, सुग्रीव जिवंत असताना त्याची पत्नी रुमा हिला वालीने स्वतःजवळ ठेवले, म्हणून भरताच्या राज्यातील धर्मरक्षक या नात्याने हा दंड दिला; शिवाय वाली शाखामृग असल्याने, मृगयेत लपून मारण्यात दोष नाही. मला अडचण येथेच आहे, कारण पहिला युक्तिवाद वालीला धर्माने बांधलेला मानतो, तर दुसरा त्याला केवळ पशू ठरवतो.

वालीने शेवटी हात जोडून रामाचे म्हणणे मान्य केले, हे मला ठाऊक आहे. पण त्याने विसंगती मिटत नाही. ‘ही प्रभूची लीला’ हे उत्तरही या बैठकीत पुरेसे ठरणार नाही. मला संस्कृत टीका मुळातून वाचता येत नाहीत. तरी या दोन युक्तिवादांचा मेळ जुन्या टीकाकारांनी कसा घातला आहे, आणि एकनाथांच्या भावार्थ रामायणात वालीच्या या आरोपाला नेमके काय उत्तर दिले आहे?