दाताच्या स्क्रूला लेप हवाच का?

स्नेहलतागंजकर
बाबांची खालची दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. आता त्यांना शेव कुरकुरीतच खायची आहे, पोह्यांत मऊ पडलेली नको, म्हणून इम्प्लान्ट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर दात, करायचं ठरलंय. इंदूरातच दोन ठिकाणी दाखवलं. एक डॉक्टर म्हणाले, खरखरीत केलेला साधा घ्या. दुसऱ्यांचा आग्रह हायड्रॉक्सीॲपेटाइट नावाच्या खनिजाचा लेप असलेल्याचा, हाड लवकर धरतं म्हणून. 8,000 रुपये जास्त. धातू दोन्हींचा एकच: टायटॅनियम, त्यात 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम.

माझ्या मते लेपाचे पैसे पाण्यात. स्वीडनच्या ब्रोनेमार्क या डॉक्टरांनी सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची वस्तू निघता निघेना, त्यातून हे शास्त्र उभं राहिलं. 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात स्क्रू बसले, ते नुसते लेथवर कातलेले. लेप होता कुठे?

टिळकनगरचा दंतवैद्य
अर्धीच गोष्ट सांगितलीत. ते कातलेले स्क्रू हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात 3 महिने आणि वरच्यात 6 महिने थांबावं लागे. वरच्या मागच्या दाढांपाशी हाड पावासारखं भुसभुशीत असतं, तिथे ते गुळगुळीत स्क्रू जास्त दगा द्यायचे. हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, आपल्या हाडातलंच खनिज. हाडाला ते परकं वाटत नाही. अशा जागी लेप सुचवणारा प्रत्येक डॉक्टर दुकानदार नसतो.

पीथमपूर रिटायर्ड
दातांतलं मला कळत नाही, कोटिंगमधलं कळतं. 9 वर्षं स्प्रे शॉपमध्ये काढलीत.

हा लेप बहुतेक प्लाझ्मा गनने, म्हणजे प्रचंड तापलेल्या वायूच्या झोताने, चढवतात. आतलं तापमान 10,000 अंशांच्या वर. पावडरीचा कण त्यातून जाताना वितळतो आणि थंड धातूवर फच्चकन आपटून चपटा होतो, भिंतीवर मारलेल्या शेणाच्या गोवरीसारखा. गोवरीवर गोवरी बसत लेप साधारण 50 मायक्रॉनचा होतो, म्हणजे बारीक केसाएवढा. आता गंमत बघा. हे खनिज तापल्यावर टायटॅनियमपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणजे गार होताना आक्रसतंही जास्त. खाली धातू धरून बसलेला, त्यामुळे लेप जन्मापासूनच ताणात. त्यात झटक्यात गार झालेला भाग स्फटिक होत नाही, काचेसारखा राहतो, आणि तो अंगातल्या पाण्यात लवकर विरघळतो.

जाड कोटिंग वरून झिजत बसत नाही हो, बुडापासून सुटतं. आमच्याकडे पोपडा सुटला की शाफ्ट परत यायचा, घासून पुन्हा मारायचो. जबड्यातला स्क्रू कुठल्या शॉपमध्ये पाठवणार?

साधा स्क्रू खरखरीत करतात तो वाळूचा मारा आणि ॲसिडने, तो लेपच नाही. मारा ॲल्युमिनाच्या खड्यांचा, मग ॲसिडने त्यात आणखी बारीक खळगे. जे उरतं ते टायटॅनियमच, वर दुसरं काही बसवलेलं नाही. सुटेल काय?

टिळकनगरचा दंतवैद्य
पोपड्यांचं मान्य. जाड लेपांनी पूर्वी बदनामी ओढवून घेतलीच. पण आता नॅनोमीटरमध्ये मोजावे इतके पातळ लेपही आहेत आणि ते गनने मारत नाहीत. म्हणून "लेप" एवढ्याच शब्दावर भांडू नका, जाडी आणि पद्धत विचारा. आणि खरखरीतपणाची आरती पुरे. हाड खाली गेलं आणि तो खरखरीत भाग तोंडात उघडा पडला, की त्यावर कीट असं बसतं की ब्रश हरतो. बाबा तंबाखू खातात का, साखर किती आहे, हे कुणी विचारलंच नाही. स्क्रू त्यानेच जास्त जातात.

रामबागची मावशी
मध्येच बोलते. माझ्या स्क्रूवर कॅपच्या खाली बसवलेला तुकडा चक्क सोनेरी होता. मी सराफ्यातल्या सोनारासारखी निरखून बघत होते. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, गोल्ड प्लेटिंग आहे. खरं?

पीथमपूर रिटायर्ड
सोनं कसलं, मावशी! बहुधा टायटॅनियम नायट्राइड असणार. सोनेरी ड्रिल बिट येतात ना, तेच. निर्वात पेटीत चढवतात, दोन-चार मायक्रॉन, दगडासारखं कडक. हा लेप मात्र मला पटतो.

टिळकनगरचा दंतवैद्य
आणि हिरडी पातळ असली तर धातूचा करडेपणा बाहेर झळकतो, सोनेरी रंगाने तो कमी दिसतो. निदान इथे तरी आमचं एकमत.

स्नेहलतागंजकर
बाबांची साखर आटोक्यात आहे. तंबाखू नाही, सुपारी आहे (भिया, ती सुटणं कठीण). दाढ खालची आणि एक्सरेत हाड घट्ट दिसतंय, असं दोन्ही डॉक्टर म्हणाले. मग मऊ हाडाचा मुद्दा आमच्याकडे लागूच होत नाही, मी साध्यावरच ठाम.

तरी काल दुसऱ्या डॉक्टरांना लेपाची जाडी विचारलीच. डबा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, कंपनीला विचारून सांगतो. डब्यातलं लॉट नंबरचं स्टिकर फाइलला लावून मिळेल ना, हेही विचारलं. त्यावर बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "स्टिकर दोन द्या, एक विम्याच्या फाइलीत लावतो."