मदत हवी आहे: बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) खारघरला दाखवायचे आहेत

नमस्कार. मी ठाण्यात कोपरीला राहते. वहिनीच्या (वय ४६) स्तनाच्या बायोप्सीत डीसीआयएस (दूधनलिकेच्या आतच असलेला, अगदी सुरुवातीचा कर्करोग) आलंय. डॉक्टरांनी कागदावर एकात एक दोन गोल काढून समजावलं: दूधनलिकेला आतून एक थर, आणि त्याभोवती आकुंचन पावून दूध पुढे ढकलणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींचा दुसरा. बिघडलेल्या पेशी अजून नलिकेच्या आतच आहेत, बाहेरचा थर शाबूत आहे. या एका वाक्यावर सगळं घर तग धरून आहे. म्हणूनच तो थर रंगवून दाखवणाऱ्या पी६३ चाचणीची स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनेही बघावी असं वाटतं.

खारघरच्या ॲक्ट्रेकला (टाटाच्या कॅन्सर केंद्रात) कुणी बाहेरचे ब्लॉक नेलेत का? नुसत्या स्लाइड चालतात का? लॅबकडे ब्लॉक मागताना अर्जात काय लिहिलंत? दादा सोमवारी रजा टाकून निघतोय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.