परसातल्या कोंबड्यांचं खाद्य आणि उंदीर : विष न घालता काय केलंत? (अनुभव धागा)

कापणी झाली की शेतातला उंदीर घराकडे वळतो, आणि परसात कोंबड्या असतील तर थेट खुराड्याकडे. दर वर्षी याच दिवसांत कुणी ना कुणी विचारतं, "काय टाकू?" आणि उत्तर येतं ते झिंक फॉस्फाइडच्या पुडीचं. ती पुडी मला नको. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिचा फॉस्फीन वायू होतो, आणि तो उंदीर-कोंबडी असा भेद करत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या सावकाश मारतात. तोवर अर्धमेला उंदीर अंगणात झोकांड्या खात फिरतो, आणि कोंबडीला उंदराचं पिल्लू गिळताना ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मांजर, घुबड, धामण त्याच वाटेने जातात.

तर विष सोडून काय केलंत, काय लागू पडलं, काय फुकट गेलं ते लिहा. मग गावठी वीस असोत, नाहीतर गच्चीवरच्या चार.

संगमेश्वर तालुका

कोंबड्यांना अंधारात दिसत नाही. एकदा खुराड्यात डालल्या की त्या चोच हलवत नाहीत. मग रात्रभर भांड्यात खाद्य कुणासाठी ठेवायचं? आमच्या सासूबाई कणी मुठीने मोजून घालायच्या, आम्हाला तो कंजूसपणा वाटायचा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते, मोकळी चरणारी त्याहून कमीच. तेवढंच दोन वेळा विभागून घालते, दुसरं चारच्या सुमारास. डालण्याआधी भांडं घरात.

खरी डोकेदुखी सांडलेल्याची. कोंबडी निम्मं खाते आणि निम्मं उडवते. चिऱ्याच्या फटीत बसलेली कणी खराट्याने निघत नाही, आणि उंदराला तेवढी पुरते. म्हणून भांड्याखाली जुनं पोतं अंथरते आणि संध्याकाळी चार टोकं धरून उचलते. आत जमलेलं पाखडून सकाळी पुन्हा घालायचं. पावसात मात्र भिजलेलं सरळ खड्ड्यात, आणि तेही उघड्या हाताने नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आमच्या भागाला नवीन नाही, आणि तो उंदराच्या मुतातूनही येतो.

भोर तालुका

वरचं सगळं बरोबर, पण जाळीबद्दल कुणीतरी बोलायला हवं. दुकानात "कोंबडीची जाळी" म्हणून जी षटकोनी मिळते ती कोंबडी आत ठेवते, उंदराला बाहेर नाही. लहान उंदीर छिद्रातून येतो, मोठा तार कुरतडून वाट करतो. अर्धा इंची वेल्डमेश (सांधे जोडलेली चौकोनी जाळी) घ्या. महाग पडते, म्हणून मी सगळीकडे न लावता खालचे दोन फूट आणि खिडक्या एवढंच केलं. वरून पत्रा आणि भिंत यांतली फट राहिली तर सगळा खर्च पाण्यात, कारण काळा उंदीर भिंत सरळ चढतो.

आणि घूस. जाळी नुसती उभी पुरली तर घूस तिच्या खालून जाते. जाळी जमिनीलगत बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी वळवा आणि वर माती लोटा. घूस भिंतीच्या पायाशीच उकरायला लागते, तिथे जाळी लागते आणि मागे सरून उकरायचं तिला सुचत नाही. बिळात फुटक्या काचा भरायचा सल्ला गावात हमखास मिळतो. कोंबड्या दिवसभर तीच माती उकरतात, त्यांच्या पायांचा विचार करा.

बार्शी

मांजर पाळा. विषय संपला.

भोर तालुका

संपला नाही. आमची मांजर घूस दिसली की माझ्याकडे बघते.

सत्तरी, गोवा

माडावर उंदीर चढू नये म्हणून खोडाला पत्र्याचा पट्टा मारतात, साधारण ४० सेंटीमीटर रुंद, जमिनीपासून दोन मीटरवर. नखं पत्र्यावर ठरत नाहीत, घसरून खाली येतो. तीच युक्ती खुराड्याला. आमचं खुराडं चार खांबांवर, कंबरेच्या वर. प्रत्येक खांबाला पत्रा उलट्या नरसाळ्यासारखा गुंडाळलाय.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उंदीर जागच्या जागी दोन-अडीच फूट उडी मारतो, त्यामुळे बुटके खांब उपयोगाचे नाहीत. आणि दुसरी वाट राहता कामा नये. आमच्याकडे पत्रा मारूनही रोज लेंड्या दिसत होत्या. रात्री बॅटरी घेऊन बसलो तेव्हा कळलं, स्वारी पेरूच्या फांदीवरून कपड्यांच्या दोरीवर आणि दोरीवरून छपरावर. दोरी काढली, फांदी छाटली. कोंबड्यांची शिडीही रात्री आडवी करतो, नाहीतर आपणच जिना लावून द्यायचा.

धायरी, पुणे

गच्चीवर चार कोंबड्या, सोसायटीच्या कृपेने. आवाज करून उंदीर पळवणारं यंत्र आणलं. पहिले काही दिवस शांतता, नंतर उंदीर त्याच्याच शेजारून जायला लागले. पुदिना, नॅप्थलीन वगैरे विचारू नका.

तिखटात मात्र तथ्य आहे. मिरचीतला कॅप्सेसिन पक्ष्यांना झोंबत नाही, उंदराला झोंबतो. खाद्यात लाल तिखट मिसळलं तर कोंबड्या बिनदिक्कत खातात. उंदीर कमी झाले, गेले असं म्हणणार नाही. उपाशी असला की तो ठसकाही सोसतो. शिवाय भुकटी उडून आपल्याच डोळ्यात जाते.

साठवणीला बंद पडलेला फ्रिज वापरतो. दोन पोती बसतात, रबर घट्ट आहे. घरात लहान मुलं असतील तर जुन्या खटक्याचा फ्रिज नको, आतून उघडत नाही. नाहीतर तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा आहेच. प्लॅस्टिकचं पिंप उंदीर कडेपासून कुरतडतो.

गोंदिया

आमच्याकडे धानाचा कोंडा, कणी, सगळं घरचं, त्यामुळे उंदीरही घरचेच. मी पिंजरेवाला. नवी वस्तू दिसली की उंदीर तिच्या आसपास फिरकत नाही, आणि लोक दुसऱ्याच दिवशी म्हणतात पिंजरा बेकार. पिंजरा भिंतीला लागून ठेवा, कारण तो भिंत धरूनच चालतो. आधी दार उघडंच बांधून आत सुकट टाकत राहा. बिनधास्त खायला लागला की मग दाराचा चाप लावा. रात्री कोंबड्यांचं खाद्य उघडं असेल तर पिंजऱ्यात कोण कशाला जाईल, हेही आलंच.

पकडलेला सोडायचा कुठे? दुसऱ्याच्या बांधावर सोडणं मला पटत नाही. ते काम मीच उरकतो, त्यावर इथे जास्त लिहीत नाही. चिकट पट्टी मात्र कुणी वापरू नका. आमच्या शेजाऱ्यांकडे तिच्यावर कोंबडीचं पिल्लू चिकटलं. तेल लावून सोडवलं, पण अर्धी पिसं पट्टीवरच राहिली.

लेस्टर, इंग्लंड

इथे चिकट पट्टी सामान्य लोकांनी वापरणं ३१ जुलै २०२४ पासून गुन्हा आहे. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालायलाही बंदी आहे. आई फोनवर विचारते, मग भाकरीच्या तुकड्यांचं करतेस काय?

माझ्याकडे खाद्याचा पायपट्टीचा डबा आहे. कोंबडी पट्टीवर उभी राहिली की झाकण उघडतं, उतरली की मिटतं. इथला उंदीर भरून भरून अर्धा किलो, त्याच्याने पट्टी दबत नाही. कोंबड्यांना शिकवायला वेळ लागतो. आधी पट्टीवर वीट ठेवून झाकण उघडं ठेवलं, मग थोडं थोडं खाली आणलं. आमची एक अजून दुसरी चढायची वाट बघते आणि बाजूने खाते.

भोर तालुका

तुमच्या डब्याचं बघितलं होतं. आपल्याकडे अडचण अशी की मोठी घूस किलोच्या आसपास भरते आणि गावठी तलंग (नुकती वयात येणारी कोंबडी) त्याहून थोडीच जड. पट्टी घुशीला जड केली तर तलंगही उपाशी.

संगमेश्वर तालुका

एक राहिलं. खुराड्याला टेकून लाकडं, नारळाची सोडणं, पेंढा रचलेला असेल तर आधी तो हलवा. खाणं उचललं तरी बाळंतपणाला जागा तीच, आणि उंदराला दिवस जातात जेमतेम तीन आठवडे. हलवताना हातात काठी असू दे, पायात बूट. पेंढ्यात उंदीर असतो तिथे त्याच्या मागे आलेली धामणही असते. ती असली तर तिला राहू द्या, पण मग अंडी वेळेवर उचला.