नवीन स्वयंसेवक आणायच्या मोहिमा थांबवा, आधी आलेल्यांना उत्तर द्या

अर्धविराम:
ओपन सोर्स प्रोजेक्टना, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो त्यांना, माणसं मिळत नाहीत ही ओरड मला पटत नाही. माणसं येतात, दारात उभी राहतात, आतून कोणी "या" म्हणत नाही म्हणून निघून जातात.

माझंच सांगतो. पहिल्या पॅचवर, म्हणजे कोडमधल्या दुरुस्तीवर, चार संध्याकाळी घातल्या होत्या. एका स्क्रीनवर तारीख चुकीच्या टाइमझोनने दिसत होती, ती नीट केली, टेस्ट लिहिली, नियमांची फाइल दोनदा वाचली आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल सामावून घ्या अशी विनंती, पाठवली. तीन महिने शुकशुकाट. मग एका बॉटने 'हालचाल नाही' असं लेबल लावून ती बंद करून टाकली. कोणी माणसाने "नको, चुकीचं आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. वर्षभर मी कुठे फिरकलो नाही. नंतर दुसऱ्या एका छोट्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) डॉक्युमेंटेशनमधली स्पेलिंगची चूक सुधारली तर दुसऱ्याच दिवशी उत्तर, "मर्ज केलं. याच पानावरचं खालचं उदाहरणही जुनं झालंय, बघता का?" बघितलं. चार वर्षं झाली, मी अजून तिथेच आहे.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने स्वतःच्या डेटातून हेच काढलं होतं, पहिल्या पॅचचा रिव्ह्यू ४८ तासांत मिळाला तर माणूस परत येण्याची शक्यता खूप जास्त, आठवडा उलटला की जवळपास कोणी परत येत नाही. आणि आपण काय करतो, तर टी-शर्ट वाटतो. ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा त्या हॅक्टोबरफेस्टचं २०२० मध्ये काय झालं आठवतंय ना, रीडमी (प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या) फाइलमध्ये एखादा शब्द घुसडलेल्या पुल रिक्वेस्टांचा एवढा पूर आला की प्रोजेक्टने आधी संमती दिली तरच मोजायचं असा नियम पहिल्या काही दिवसांतच करावा लागला.

निशाचर:
असहमत. तुम्ही दाराबाहेरून बघताय, मी सात वर्षं आत आहे, मेंटेनर म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा म्हणून.

रविवारी रात्री सगळी झोपल्यावर मला दोन तास मिळतात. तेवढ्यात १४० नोटिफिकेशन. त्यातल्या अर्ध्यांत नुसतं "काही अपडेट?". नवीन माणसाचा पॅच आला की त्याची भाषा समजून घ्या, टेस्ट का फेल होतेय ते सांगा, तो बदलतो, मग दुसरं काहीतरी मोडतं. मी स्वतः वीस मिनिटांत केलं असतं त्याला तीन रात्री जातात. आणि इतकं करून दहातले नऊ जण परत येत नाहीत, उत्तर वेळेत दिलं तरीही. ज्यांना स्वतःची अडचण सोडवायची होती त्यांची ती सुटली, ते गेले, त्यांचा काही दोष नाही. पण मग ४८ तासांचा नियम कोणाच्या जिवावर पाळायचा?

मोझिलाचा दाखलाही नीट तपासा. सोपा, स्वच्छ पॅच असेल तर रिव्ह्यू लवकर होतो, आणि तसा पॅच लिहिणारा माणूस मुळातच टिकणारा असतो. लवकर उत्तर दिल्यामुळे तो टिकला हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय मोझिलाकडे पगारी इंजिनिअर होते.

पाटीपेन्सिल:
दोघंही फक्त कोडबद्दल बोलताय. मी भाषांतर आणि बग रिपोर्टची छाननी करते. एकच बग सहा जणांनी सहा तऱ्हेने नोंदवलेला असतो, ते सहा एकत्र बांधायचे, कुठल्या व्हर्जनवर होतो ते स्वतः चालवून बघायचं. एका प्रोजेक्टला असं दीड वर्ष दिलं. रिलीज नोट्समध्ये नाव कमिटवरून (कोडमध्ये नोंदलेल्या बदलावरून) आपोआप यायचं, माझा कमिट नाही म्हणून नाव नाही. कोणी मुद्दाम वगळलं नाही, कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. निशाचर, तुमच्या १४० मधल्या शंभर तरी माझ्यासारखं कोणीतरी आधीच हातावेगळ्या करू शकलं असतं.

खडूफळा:
निशाचर यांच्याशी सहमत, पण मूळ दुखणं पैशाचं आहे. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली चूक बाहेर आली तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर चालतं त्याला वर्षाला देणगी मिळायची साधारण २००० डॉलर आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतलं भोक बुजवायला रात्री जागले तेही स्वयंसेवकच. या कोडवर कमावणाऱ्या कंपन्यांनी मेंटेनरला पगार द्यावा, मग उत्तरं आपोआप वेळेत जातील.

अर्धविराम:
खडूफळा, पैसा हवाच, पण "आपोआप" नाही. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टमधल्या काहींनी २००६ मध्ये डंक-टँक नावाने प्रयोग केला होता, एच ही आवृत्ती डिसेंबरमध्ये यावी म्हणून रिलीज सांभाळणाऱ्यांना पैसे द्यायचे. बाकीचे फुकट राबणारे दुखावले, आमचं काम कमी दर्जाचं का असा प्रश्न आला, काहींनी हात आखडता घेतला. आवृत्ती आली २००७ च्या एप्रिलमध्ये. मला जँगो या वेब फ्रेमवर्कची पद्धत जास्त पटते, तिथे फाउंडेशन फेलो म्हणून नेमलेल्यांना पैसे देतं ते मुख्यतः तिकिटांची (नोंदवलेल्या बग-मागण्यांची) छाननी, रिव्ह्यू, रिलीज यासाठी, म्हणजे कोणी हौसेने करत नाही त्या कामासाठी. पगारी माणूस नव्याजुन्यांचा रस्ता मोकळा ठेवतो.

निशाचर, मोझिलाबद्दलचा तुमचा आक्षेप मान्य. पण पूर्ण रिव्ह्यू मागतच नाहीये मी. "बघितलं, दोन आठवडे वेळ नाही" एवढी ओळ पुरे. आणि एकट्याने का लिहायची? दोन-तीन पॅच नीट दिलेल्या माणसाला लगेच अधिकार द्या, तो लिहील.

निशाचर:
लगेच अधिकार? एक्सझेड, ती फाइली लहान करणारी लायब्ररी, तिचं प्रकरण विसरलात? एकटा मेंटेनर, थकलेला, तब्येतीच्या तक्रारी उघडपणे सांगितलेल्या. २०२२ मध्ये त्याच्यावर अनोळखी नावांनी दबाव, प्रोजेक्ट मागे पडतोय, दुसऱ्याला द्या. आणि समोर एक शांत, मेहनती, वेळेत पॅच देणारा स्वयंसेवक. त्याला अधिकार मिळाले आणि २०२४ मध्ये ५.६.० या आवृत्तीत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायचा रस्ता, बसवलेलं निघालं. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. त्यानंतर मला चांगल्या पॅचचीही धास्ती वाटते, आणि ज्याने मनापासून पाठवलाय त्याच्यावर हा अन्याय आहे हेही कळतं.

पाटीपेन्सिल:
पण तो दबाव चालला कारण तो माणूस एकटा होता. आजूबाजूला चार ओळखीचे असते तर "घाई नाही, आम्ही आहोत" म्हणायला कोणीतरी असतं. आणि अधिकार म्हणजे फक्त कमिट ॲक्सेस नाही ना. लेबल लावणं, डुप्लिकेट बंद करणं, नवीन माणसाला पहिली ओळ लिहिणं, एवढी परवानगी वेगळी देता येते, कोडला हात लागत नाही.

निशाचर:
हे मी केलेलं नाही. परवानगी वेगळी काढता येते हे माहीत होतं, पण देणार कोणाला, मागायला कोणी आलं नव्हतं.

पाटीपेन्सिल:
मी मागतेय. आठवड्याला तीन तास देईन. रिलीज नोट्समध्ये छाननी करणाऱ्यांची नावं येणार असतील तर.

निशाचर:
येतील, पुढच्या रिलीजपासून, हाताने लिहावी लागली तरी. मेसेजमध्ये लिंक पाठवतो, उत्तर न मिळालेले ६३ इश्यू आहेत, सगळ्यात जुना दोन वर्षांचा, त्याच्यापासून सुरुवात करा. अर्धविराम, ४८ तासांचं वचन मात्र मी अजूनही देणार नाही.

अर्धविराम:
मग पहिल्या ओळीचं मी देतो. मलाही लिंक पाठवा.