व्यंगचित्राचा आशय मुलांना कसा शोधायला लावायचा?

डिचोलीची शिक्षिका

नमस्कार. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. चवथीच्या सुट्टीनंतर राजकीय व्यंगचित्रांचं भित्तिपत्रक काढायचं ठरलंय. मुलांनी कात्रणं आणली, प्रत्येकाखाली दोन ओळींत आशय लिहायचा होता. बहुतेकांनी एकेक शब्द लिहिला: भ्रष्टाचार, महागाई, पक्षांतर. बाकीच्यांनी दिसतं ते लिहून काढलं, ‘एक माणूस खुर्चीला धरून बसला आहे, दुसरा ओढतो आहे.’ यात आशय आलेला नाही हे मला दिसतं, पण तो कसा काढायचा हे मुलांना सांगायला शब्द सापडत नाहीत. नंतर प्रत्येकाने स्वतःचंही एक चित्र काढायचं आहे, विषय खाण. माझ्या वर्गात ट्रकवाल्यांची मुलं आहेत आणि ज्यांच्या शेतात पावसात खाणीचा लाल चिखल उतरतो त्यांचीही आहेत. म्हणून हे काम नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

फोंड्याचा जुना उपसंपादक

बाई, मुलांना एकच अट घाला: आशय पूर्ण वाक्यात लिहायचा. ‘पक्षांतर’ हा झाला विषय. ‘ज्यांनी मतं दिली त्यांना न विचारता आमदार पक्ष बदलतो’ हा आशय. वाक्य करायला बसलं की कोणी, काय केलं, कोणाचं नुकसान झालं, हे लिहावंच लागतं. तिथे चित्रकाराचं मत आपोआप हाती येतं.

आणि चेहरे ओळखण्यापासून सुरुवात करू नका. आधी हातपाय बघायला लावा. १८९० सालचं जॉन टेनिएलचं, ‘पंच’ या इंग्लंडच्या विनोदी साप्ताहिकातलं चित्र घ्या. जर्मनीचा म्हातारा चॅन्सलर बिस्मार्क जहाजाची शिडी उतरतोय आणि तरुण कैसर, म्हणजे सम्राट, वर कठड्याला रेलून नुसता बघतोय. इतिहास ठाऊक नसलेलं पोरही सांगेल की जाणता माणूस जहाज सोडून चाललाय आणि वरच्याला त्याची फिकीर नाही. नावं नंतर सांगा.

अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५ चं चित्र मात्र जरूर लावा. आणीबाणी चालू, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये हे छापून आलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसलेत. दार अर्धवट उघडं. सही केलेला कागद ते तिथूनच बाहेर देतायत आणि म्हणतायत, आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा. मुलं आधी टबाकडे बघून हसतील. हसू द्या. मग विचारा, त्यांनी तो कागद वाचला असेल का? बाहेरचा माणूस पुरता का दाखवला नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं जोडली की वाक्य तयार: सर्वोच्च पदावरचा माणूस न वाचता सही करतो आणि सही करून घेणारा पडद्याआड राहतो. आणीबाणीबद्दल त्या चित्रात एक अक्षर नाही, तरी सगळी आणीबाणी त्यात आहे. मला हे चित्र आजही फार मोलाचं वाटतं.

संदर्भ मात्र द्यावे लागतात. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातल्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलिनीकरणाची खूण फूल होती आणि विरोधाची दोन पानं. हे माहीत नसेल तर त्या दिवसांतलं चित्र आजच्या मुलांना बागेचं वाटेल.

पेडण्याचा चितारी

ताई, चित्र काढण्याबद्दल मी सांगतो. ‘खाण’ एवढंच दिलंत तर पंचवीस सारखी चित्रं येतील: डोंगर, जेसीबी, पैशांची पिशवी. चित्राआधी वाक्य लिहून घ्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींची ८८ लिजं रद्द केली, तेव्हा ट्रकवाल्याच्या घरात काय झालं? ट्रक दारात उभा, चाकाभोवती गवत, आणि बँकेचा माणूस ओट्यावर बसलेला. दुसऱ्या मुलाचं वाक्य वेगळं असेल: डोंगर विकला कोणी आणि चिखल उपसतोय कोण? विषय एकच, आशय दोन, आणि दोन्ही खरे. ती चित्रं शेजारी शेजारी लावा.

एक विनंती, नरकासुर टाळा. आपल्याकडे ज्याच्यावर राग त्याला नरकासुर करायची सवय आहे. माणूस वाईट आहे एवढंच त्यातून कळतं, त्याने केलं काय ते राहून जातं. आणि वस्तूंवर नावं लिहू देऊ नका. पोत्यावर ‘जनता’ लिहावं लागलं तर ते चित्र अजून जमलेलं नाही.

साखळीची वाचक

उपसंपादक सर, चित्रकाराला म्हणायचं होतं तेच बघणाऱ्याने वाचलं पाहिजे का? व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं चित्र आहे. राज्यघटना गोगलगायीसारखी सरकतेय, तिच्यावर बाबासाहेब, मागे नेहरूंच्या हातात चाबूक. घटनेचं काम संथ चाललंय, असं ते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होतं. २०१२ मध्ये संसदेत त्यावर वादळ उठलं. मला ते बघून त्रास होतो. तो चाबूक गोगलगायीवर आहे असं मला कितीही समजावलं तरी डोळ्यांना तो बाबासाहेबांच्या पाठीवरच दिसतो.

फोंड्याचा जुना उपसंपादक

तुमचं वाचणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. चाबूक काय असतो हे ज्यांच्या घराने सोसलंय, त्यांना तो आधी दिसणार. शंकर यांचा रोख संथपणावर होता हेही खरं. बाई, अशा चित्राखाली मुलांकडून दोन वाक्यं लिहून घ्या: चित्रकाराला काय म्हणायचं आहे आणि मला काय दिसलं. माझ्या मते दुसरं वाक्य गाळणं हा बघणाऱ्यावर अन्याय आहे.

डिचोलीची शिक्षिका

सगळ्यांची आभारी आहे. सोमवारी अबूंचं चित्र नावं झाकून दाखवते. दोन वाक्यांची अट सगळ्याच कात्रणांना लावीन. चितारी भाऊ, कागद कोणता घेऊ?

पेडण्याचा चितारी

साधा कार्ट्रिज कागद, निदान ए-थ्री, आणि काळं मार्कर. पेन्सिलीची रेघ व्हरांड्यातून दिसत नाही. वाक्य कागदाच्या मागे लिहायला सांगा. आधी वर्गाने पुढून ओळखायचं, मग कागद उलटायचा.