मदत हवी आहे: कॉपरबँड मासा नऊ दिवस झाले काहीच खाईना

परभणीचा_रीफ
लवकर सांगा कुणीतरी. कॉपरबँड बटरफ्लाय, समुद्रातला मासा, मुंबईहून मागवला, नऊ दिवस झाले तोंडात काही घेईना. पेलेट झाले, फ्लेक्स झाले, फ्रोजन आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे) दिली, सुकट चुरून टाकली, जवळ येतो बघतो अन् तोंड फिरवून दगडामागं जातो. दिवसभर ती लांब चोच दगडाच्या फटीत घालत फिरतो नुसता. पाणी ओके आहे. पैशाचं जाऊ द्या, पण मुकं जनावर असं उपाशी फिरताना बघवंना मला. काय खायला देऊ?

सिडकोवाला
पाणी ओके म्हणजे काय? आकडे टाका. अमोनिया, नायट्राइट, सॅलिनिटी म्हणजे खारेपणा, टेम्परेचर. टाकी किती लिटरची, किती जुनी, सोबत कोण कोण आहे?

परभणीचा_रीफ
२०० लिटर, ५ महिने झाले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सॅलिनिटी १.०२५. दादा खायला काय द्यायचं ते सांगा ना, मी तेच विचारायलोय.

माशांची_माय
लसणाचा रस लावून द्या. दोन पाकळ्या ठेचून रस काढायचा, त्यात फ्रोजन अन्न १० मिनिटं भिजू द्यायचं. माझा टँग मासा आठ दिवस उपाशी होता, लसणानं खायला लागला. करून बघा, घरात असतोच लसूण.

उदगीरकर_रत्नागिरीत
ताई, टँग शेवाळ खाणारा मासा, त्याचं वेगळं. कॉपरबँड प्रवाळाच्या फटीतले किडे ओढून काढून खातो, त्यासाठीच ती चोच आहे. वरून पडणारा पेलेट त्याला अन्न वाटतच नाही. मी मूळचा उदगीरचा, नोकरीला इकडं, तिसऱ्या इथं रोज मिळतात. ताजी तिसरी सुरीनं उघडायची अन् अर्धा शिंपला मांसासकट दगडाच्या फटीत खोचून ठेवायचा. माझे दोन्ही कॉपरबँड असेच लागले. तास-दीड तासानं उरलेलं काढून टाका, नाहीतर उन्हाळ्यात पाणी नासतं.

परभणीचा_रीफ
परभणीत तिसऱ्या कुठून आणू हो. गोदावरीतले शिंपले चालतील का? गंगाखेडला मिळतील.

सिडकोवाला
नदीतलं काही डायरेक्ट टाकू नका, काय रोग येईल सांगता येत नाही. त्यापेक्षा अंड्यांपासून जिवंत आर्टेमिया घरी काढा. बाटली उलटी टांगायची, लिटरला २५ ग्रॅम मीठ, खालून हवा, वर बल्ब. २४ तासात अंडी फुटतात. हलतं अन्न दिसलं की मासा झेपावतो. फुटल्यावर त्याच दिवशी द्या, उशीर झाला की त्यातला कस जातो.

उदगीरकर_रत्नागिरीत
टिपभर पिल्लं ती, एवढ्या माशाचं काय पोट भरणार?

सिडकोवाला
पोट भरायला नाही, तोंड उघडायला सांगतोय. तिसऱ्या मराठवाड्यात मिळत नाहीत, हे तुम्हाला तिकडं समुद्रावर बसून कळायचं नाही.

शेततळं_बीड
आमच्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. भाताचा कोंडा अन् शेंगदाण्याची पेंड निम्मी निम्मी भिजवून गोळे टाकतो, पाच मिनिटात फडशा पाडतात. थंडीत खाणं कमी होतं तेव्हा घाबरायचं नाही. पेंड मात्र बुरशी लागलेली नको.

माशांची_माय
बप्पा, हा समुद्रातला मासा आहे, पेंड नाही खायचा तो. पण मला एक विचारायचं होतं, तलावाला अस्तराचा कागद किती मायक्रॉनचा टाकलाय? माझ्या भावाला टाकायचाय.

शेततळं_बीड
५०० चा. पातळ घेऊ नका ताई, उंदरं कुरतडतात.

निळी_टाकी
मूळ मुद्द्यावर येऊ. पोट आत गेलंय का? डोक्यामागं खड्डा दिसतोय का? श्वास जोरात चाललाय का? अन् क्लाऊनफिश आहे का टाकीत?

परभणीचा_रीफ
पोट थोडं बसलंय, खड्डा नाही. श्वास जोरात आहे, दुपारी जास्तच. क्लाऊन दोन आहेत, हाकलतात त्याला, पण मासे करतातच तसं म्हणून लिहिलं नाही.

निळी_टाकी
दुपारी पाणी किती डिग्री? अन् सॅलिनिटी १.०२५ कधी मोजलेली?

परभणीचा_रीफ
दुपारी ३० च्या वर जातं, बाहेर ४२ आहे. कूलर टाकीकडंच तोंड करून लावलाय, त्यानं जरा उतरतं. सॅलिनिटी महिन्याखाली मोजली होती. पाणी कमी झालं की मी लगेच भरतो, त्यात हयगय नाही.

निळी_टाकी
कोणतं पाणी भरता?

परभणीचा_रीफ
मीठ कालवून ठेवलेला ड्रम आहे, त्यातलंच. खाऱ्या टाकीत गोडं कसं टाकणार? हिवाळ्यात वरून भरायची वेळच येत नव्हती, आता कूलरमुळं रोज ३ लिटर लागतं, १२-१३ दिवस झाले.

निळी_टाकी
इथंच घोळ आहे. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. लिटरला ३५ ग्रॅम धरा, रोज ३ लिटर, १२ दिवसात सव्वा किलो मीठ तुम्ही जास्तीचं घातलंय. २०० लिटरमध्ये ते १.०३१ च्या आसपास जाईल. आत्ता मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) आधी आरओच्या पाण्यानं शून्यावर आणा.

परभणीचा_रीफ
१.०३१ आलं. मला रडायला यायलंय. एकदम गोडं पाणी ओतू का?

निळी_टाकी
अजिबात नको! आजपासून फक्त आरओचं पाणी भरा. रोज थोडं खारं काढून तेवढंच आरओचं घाला, दिवसाला एक पॉइंट, म्हणजे उद्या १.०३०, परवा १.०२९. बोअरचं नको, टँकरचंही नको. कूलर राहू द्या, पाण्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. अन् क्लाऊनला जाळी लावून एका बाजूला करा. ह्या हालात माणूस तरी जेवेल का?

सिडकोवाला
हे मी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं, आकडे टाका म्हणून. अजून एक, पुढच्या वेळी दुकानदाराकडून मासा खाताना व्हिडिओ मागवा, त्याशिवाय पैसे देऊ नका.

माशांची_माय
तरी लसूण लावून बघाच.

परभणीचा_रीफ
चौथा दिवस. मावसभाऊ कल्याणहून देवगिरी एक्स्प्रेसनं आला, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून तिसऱ्या आणल्या त्यानं. एक उघडून फटीत ठेवली अन् लांब बसलो. २० मिनिटं नुसता घिरट्या मारायला. मग चोच घातली, एक तुकडा ओढला, थुंकला, परत ओढला अन् गिळला!! आईला हाक मारून दाखवलं. संध्याकाळी अर्धा शिंपला रिकामा केला त्यानं. निळी टाकी, तुमचे लई उपकार झाले, उदगीरकर दादा तुमचेही. उरलेल्या तिसऱ्या फ्रीजरला टाकल्या तर चालतंय ना?

उदगीरकर_रत्नागिरीत
चालतंय. एक एक सुटी गोठवा, लागेल तेवढीच काढा. हळूहळू त्यावर मायसिस (झिंग्यासारखं फ्रोजन अन्न) चोळून द्या, म्हणजे पुढं मायसिसवर येईल.

निळी_टाकी
आज सॅलिनिटी किती?

परभणीचा_रीफ
१.०२७.