आर्म६४ कर्नलमध्ये स्टेप मारला की इंटरप्टातच जातोय

विजयनगरवाला: इंदूरमध्ये कोणी कर्नलवाला आहे का? बोर्डावर केजीडीबीने (लिनक्स कर्नलचा डिबगर) सिंगल स्टेप, म्हणजे एकेक इन्स्ट्रक्शन चालवून थांबणं, करतोय तर पुढच्या इन्स्ट्रक्शनऐवजी कधीकधी थेट आयआरक्यूच्या (इंटरप्टच्या) एन्ट्री कोडमध्ये जाऊन थांबतो, दर वेळी नाही, आणि प्रिंटके (कर्नलमधून लॉग छापणारं फंक्शन) टाकला की प्रॉब्लेमच गायब, डोकं फिरलंय

सराफा_नाइट: भिया आधी तो प्रिंटके काढ, त्याने टाइमिंगच बदलतं. ट्रेस_प्रिंटके वापर, रिंग बफरमध्ये लिहितं, हलकं पडतं.

विजयनगरवाला: स्टेप बिट तर सेट आहे ना पण?

जुनी_इंदूरवाली: बिटाचा दोष नाही रे. तू डिबगरमध्ये बसलास तेवढ्यात टाइमरचा इंटरप्ट येऊन पेंडिंग पडतो, मग परत सोडल्यासोडल्या तुझ्या इन्स्ट्रक्शनच्या आधी तोच घुसतो. हार्डवेअर तेव्हा डिबग एक्सेप्शन मास्क करतं (अडवून ठेवतं), पण एन्ट्री कोडने डी बिट (डिबगचा मास्क) उघडला की ट्रॅप तिथेच लागतो. स्टेपच्या आधी सेव्ह केलेल्या पीस्टेटमध्ये (प्रोसेसरची स्थिती) आय बिट (आयआरक्यूचा मास्क) मास्क कर, ट्रॅप आल्यावर जुनी व्हॅल्यू परत टाक. फक्त ती इन्स्ट्रक्शन स्वतःच डैफमध्ये (डी, आय वगैरे मास्क बिट) लिहीत असेल तर वेगळी सांभाळ, नाहीतर तिचं लिहिलेलं तूच पुसशील.

सराफा_नाइट: आणि एमडीएससीआर_ईएल१ (स्टेप बिट असलेलं रजिस्टर) प्रत्येक कोरचा वेगळा, मधेच टास्क दुसऱ्या कोरवर गेला की स्टेप बोंबलला.

विजयनगरवाला: आय मास्क केला, आता बरोबर पुढच्या इन्स्ट्रक्शनवर थांबतोय. डैफवाली केस बाकी आहे, ती उद्या बघतो.